जिन्याच्या वळणावरचं वाक्य

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या अक्काकडे परवा पावटा आला. इथं त्याला अवरेकाई म्हणतात. गोणपाटावर हिरवा ढीग, त्यावर शिंपडलेलं पाणी, आणि तो वास. तेलकट, कोवळा, थोडा रानटी. बेंगळुरातली माणसं पावटा घेण्याआधी शेंग मोडून हुंगतात आणि वास नसेल तर तोंड फिरवून पुढं जातात. थंडीत दव पडलं तरच शेंगेत तो वास उतरतो, असं सगळे सांगतात. माझ्या पुढं उभ्या असलेल्या बाईंनी एक शेंग मोडली, हुंगली आणि ओळखदेख नसताना माझ्या नाकापाशी धरली. "नोडि, एष्टु चेन्नागिदे!" बघा, किती छान आहे! मी मान डोलावली आणि काही न घेता निघाले. भाजीवाली मागून ओरडली, "याके अक्का, बेडवा?" नको का?

नको. पण ऋतूला नको म्हणून चालतं थोडंच? संक्रांत होईपर्यंत आता हा वास शहराच्या प्रत्येक कोपऱ्यावर बसलेला असेल. लोकांच्या पिशव्यांतून बसमध्ये चढेल, शेजारच्या कुकरमधून माझ्या खिडकीत येईल. आणि दर वेळी मला तो हिवाळा आठवेल, ज्यात मला वाटलं होतं की माझं आता जमलं.

काय जमलं, ते सांगते. मी आधी आर्किटेक्चर शिकले. घरं काढायला शिकले, पण घरात माणसं काय करतात हे तिथं मला कुणी एकदाही सांगितलं नाही. आमच्या ड्रॉइंगमध्ये माणूस असायचा तो इमारतीची उंची कळावी म्हणून. झाडाशेजारी, हात वर केलेला, तोंड नसलेला. म्हणून मग मी मानववंशशास्त्राला गेले. तिथं माणसांना तोंडं होती, नाती होती, देव होते, सोयरसुतक होतं. पण ती कशावर बसली आहेत, दार कुणीकडे उघडतं, उजेड कुठून येतो, हे तिथं कुणाला विचारावंसं वाटत नव्हतं. मला वाटलं, या दोन्हींच्या मधे एक काम पडलेलं आहे. कुणी उचलत नाही, म्हणजे ते माझं आहे. कुणी उचलत नाही त्याला काही कारण असेल, हे त्या वयात सुचत नाही.

आर्किटेक्ट लोक माझी कामं उलटून बघायचे आणि विचारायचे, "सुंदर. पण डिझाइन कुठंय?" मानववंशशास्त्रातल्या बाई माझे प्रकरणागणिक नकाशे बघून हसत म्हणायच्या, "आमचा मेस्त्री आला!" त्या प्रेमानं म्हणायच्या. त्या प्रेमात मला नोकरी नव्हती.

*

त्या वेळी मी कोरमंगलात मुलींच्या एका पीजीत राहत होते. पीजीत खोली भाड्यानं मिळत नाही, खाट मिळते. खाटेखालची जागा तुमची, खाटेवरची हवा तुमची, बाकी सगळं सगळ्यांचं. कपाटाचं एक दार तुमचं, आतला एक कप्पा तुमच्या देवांचा. माझ्या खोलीत एका कप्प्यात यल्लम्मा होती, शेजारच्या कप्प्यात येशू, आणि माझ्या कप्प्यात आप्पांनी दिलेला पत्रकांचा गठ्ठा. गौरम्मा, म्हणजे पीजीची स्वयंपाकीणबाई, एकदा झाडताना तो गठ्ठा बघून म्हणाली होती, "तुझा देव कागदाचा दिसतोय. वाळवी लागेल, सांभाळ."

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव निपाणीकडचं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांसाठी आप्पांनी आयुष्यभर पत्रकं काढली. आमच्या घरात वर्तमानपत्र एखादे दिवशी चुकायचं, पत्रक कधी चुकलं नाही. पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, गणितं केली, पहिलं घर काढलं. पत्रकातून मी दोन गोष्टी शिकले. एक, वाक्य आखूड ठेवायचं. वखारीतून दमून आलेल्या बाईला दिव्याखाली वाचता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट आप्पांचा नियम होता. ज्या बाईचं बोलणं पत्रकात घ्यायचं, ते छापण्याआधी तिला वाचून दाखवायचं. अख्खं. ती "व्हय, असंच म्हटलं मी" म्हणाली तरच पुढं. एकदा एका बाईनं ऐकून सांगितलं, "म्हटलं खरं, पण आता न्हाई म्हणायचं." आप्पांनी जुळवलेला मजकूर मोडला. छापखानेवाला चिडला. आप्पा म्हणाले, "वाक्य तिचं हाय. माझा नुसता कागुद."

मी हे ऐकत वाढले. मला वाटायचं, एवढं पाळलं की माणूस चुकत नाही.

*

पीजीचा जिना अरुंद होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे तो वळायचा, आणि त्या वळणावर बांधणाऱ्यानं कोण जाणे का, गरजेपेक्षा थोडी जास्त जागा सोडली होती. बाजूच्या भिंतीत सिमेंटची जाळी. हिवाळ्यात सकाळी त्या जाळीतून ऊन यायचं आणि फरशीवर चौकोन चौकोन पडायचे. गौरम्मा रविवारी तिथं पातेलं घेऊन बसायची. आदल्या दिवशी सोललेले पावट्याचे दाणे रात्रभर भिजवलेले. एकेक दाणा दोन बोटांत धरून चिमटायचा, साल हातात राहते, आतली डाळ टुणकन पातेल्यात. कोकणात वालाच्या डाळिंब्या सोलतात तसंच. इथं त्याला हितकिद बेळे म्हणतात आणि त्याचं सारू म्हणजे थंडीतली चैन. एकटीनं करायचं काम नव्हे ते. गौरम्मा वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकीला अडवायची.

"ए, कुठं निघालीस? बा, कूतको. बस. एक मूठ चिमट आणि जा."

"गौरम्मा, आंघोळ राहिलीय."

"बेळेला तुझी आंघोळ कळत नाही. बस."

एक मूठ चिमटायला बसलेली पोरगी तासभर उठायची नाही. सविताचा दाणा नेहमी पातेल्याऐवजी समोरचीच्या तोंडावर उडायचा. सविता अथणीची. घरी मराठी, बाहेर कानडी, ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचं काम. ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची.

"बघ की," गौरम्मा म्हणायची, "हिच्या ऑफिसात हिला चुका शोधायला ठेवलंय, आणि हिची एक डाळ सरळ जात नाही."

"दुसऱ्याच्या चुका शोधते मी, गौरम्मा. स्वतःच्या शोधायचा पगार वेगळा."

"आणि ही आर्किटेक्ट नुसती बघत बसते. बघून सारू होतंय काय गं?"

मी बघत होते हे खरं. बघता बघता मला दिसलं की ते पातेलं नसतानाही मुली तिथंच येतात. सोमवारी, बुधवारी, ऑफिसातून आल्यावर, फोन कानाला लावून. खाली बसायला चांगला हॉल होता, सोफा होता, टीव्ही होता. तिथं कुणी बसत नव्हतं. हॉलमध्ये बसलेली मुलगी म्हणजे बसलेली मुलगी. तिला कुणीही विचारू शकतं, इथं का बसलीस? जिन्यावर बसलेली मुलगी मात्र वर जात असते किंवा खाली येत असते. ती थांबलेली आहे हे सिद्ध करता येत नाही. तिथून दोन्हीकडून येणारं पाऊल आधी ऐकू येतं, त्यामुळे डोळे पुसायला वेळ मिळतो. आणि त्या अख्ख्या घरात तेवढी एकच जागा अशी होती, जिचं भाडं कुणी देत नव्हतं.

मला अजूनही वाटतं, माझ्या आयुष्यात मला खरं असं काही दिसलं असेल तर ते एवढंच.

*

त्याच सुमाराला मी सरांच्या ऑफिसात लागले होते. सर पुण्याचे, बेंगळुरात येऊन बरीच वर्षं झालेले, नाव असलेले आर्किटेक्ट. त्यांना एका बिल्डरचं काम मिळालं होतं. तरुण नोकरदार मुलींसाठी मोठी, नव्या पद्धतीची राहण्याची इमारत, 'को-लिव्हिंग'. साधं पीजीच, फक्त काचेचं. सरांनी मला घेतलं ते मुली खरोखर कशा राहतात याचा अभ्यास करायला. या शहरात मला माझ्या दोन्ही डिग्र्यांसकट घेणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. मुलाखतीत ते म्हणाले होते, "अगं, मला नुसते प्लॅन काढणारे ढीगभर मिळतात. मला ऐकणारी माणसं हवीत. हे काम नीट झालं ना, तर आपण ऑफिसात रिसर्चचं वेगळं डिपार्टमेंटच काढू. तू चालव. पीएचडी पण कर, मी सपोर्ट करतो." मी त्या दिवशी घरी फोन करून आप्पांना सांगितलं. आप्पांना को-लिव्हिंग कळलं नाही. "पोरींच्या राहण्याचं कायतरी चांगलं करायलीस न्हवं? मग झालं," म्हणाले.

मी राहते तेच घर मी मोजलं. मुलींना सांगून, विचारून. मग एक मोठा कागद केला. खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंतचे प्लॅन, आणि त्यांच्यावर मुलींची वाक्यं, जिथली तिथं. ज्या जागेबद्दल जे बोललं गेलं ते त्याच जागेवर, हातानं लिहिलेलं. गच्चीवर तारेच्या बाजूनं "ओढणीखाली वाळत घालते." स्वयंपाकघरात गौरम्माचं "सगळ्या मीठ कमी म्हणतात, पण ताटात काही उरत नाही." मला या कागदाचा गर्व होता. आर्किटेक्ट प्लॅन काढतात आणि मानववंशशास्त्रवाले वाक्यं गोळा करतात. मी वाक्यांनाच प्लॅनवर राहायला दिलं होतं.

सविताचं वाक्य असं होतं: "खोलीत रडते, आणि मग इथं जिन्यावर येऊन घरी सांगते, मी बरी आहे."

हे वाक्य दोन जागांचं होतं. म्हणून मी ते दोन जागी लिहिलं. "खोलीत रडते" हे आमच्या खोलीत, सविताच्या खाटेलगत. मग ओळ दारातून बाहेर पडते, पायऱ्या उतरते आणि उरलेलं वाक्य वळणावर, जाळीपाशी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी तिच्यासारखंच खोलीतून निघून तिथं यावं, अशी माझी कल्पना. दुसऱ्या कुणी असं केलं नसतं. आर्किटेक्टनं वाक्यच घेतलं नसतं, आणि मानववंशशास्त्राच्या बाईंनी ते एका परिच्छेदात, मागं-पुढं दहा गोष्टींत असं गुंडाळून ठेवलं असतं की कुणाला उचलता आलं नसतं. मी पत्रकांवर वाढलेली. मी वाक्य आखूड केलं, सुटं केलं, आणि मोकळ्या जागेत ठळक अक्षरात ठेवलं.

आप्पांच्या नियमाप्रमाणे मी प्रत्येकीला तिचं वाक्य वाचून दाखवलं. सविता पातेल्यापाशी बसून ऐकत होती.

"व्हय, असंच म्हटलं की मी," ती म्हणाली. मग एक दाणा चिमटून, "आईला कळंल काय गे?"

"नाव नाही कुणाचं. ऑफिसातच राहणार."

"मग असू दे. कुणीतरी लिहिलं पायजे होतं."

गौरम्मानं आपलं वाक्य ऐकलं आणि म्हणाली, "मिठाचं काढून टाक. उगाच मालकीण मिठावर लक्ष ठेवील." मी ते खोडलं.

*

सरांनी कागद टेबलावर पसरला. मग वळणावर बोट ठेवून म्हणाले, "फँटास्टिक आहे हे. ही लँडिंग. हीच आपली आयडिया." त्या संध्याकाळी मी ऑफिसातून चालत निघाले तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीचा जिना मला माझा वाटत होता. बिल्डरला जिना म्हणजे वाया गेलेली जागा वाटते; आता एका इमारतीत तरी जिना मुलींसाठी रुंद होणार होता. माझ्यामुळं. मधलं काम खरोखर होतं. मी ते उचललं होतं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. गौरम्मा वळणावर शेंगा सोलत बसली होती आणि टरफलं टाकायला तिनं फाटकाला खोचलेला कुठलासा जाहिरातीचा कागद आणून अंथरला होता. गुळगुळीत, जाड, रंगीत. सविता सोलता सोलता थांबली. तिनं हातानं टरफलं बाजूला सारली. खाली माझंच ड्रॉइंग होतं. माझ्या हाताची रेघ, माझी जाळी, माझी पायरी. फक्त कागदाच्या कडा माझ्या नव्हत्या. खोली कापली होती. वळण तेवढं ठेवलं होतं, त्यावर उशा आणि दिवे काढले होते, आणि वर मोठ्या अक्षरात इंग्रजीत नि कानडीत लिहिलं होतं: इथं येऊन घरी सांगते, मी बरी आहे. खाली इमारतीचं नाव, फोन नंबर, आणि लवकर नोंदणी करणाऱ्यांना लँडिंगवरची बैठक राखून मिळण्याची सोय.

"हे माझं की गे," सविता म्हणाली. आधी हसून म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुली वाकून बघायला लागल्या. "सेलिब्रिटी! पार्टी दे!" कुणीतरी फोटो काढला. गौरम्माला वाचता येत नव्हतं, तिनं विचारलं काय लिहिलंय, आणि कुणीतरी वाचून दाखवलं.

सविता कागदाकडे बघतच होती. मग तिनं मान वर केली.

"खोलीतलं कुठं गेलं?"

जाळीचे चौकोन टरफलांवर पडले होते. तिनं पुन्हा विचारलं नाही. हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच ढिगात ठेवली आणि वर गेली.

त्यानंतर ती वळणावर बसली नाही. फोन आला की गच्चीवर जायची, नाहीतर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बोलायची. एकदा मीच विषय काढला. ती म्हणाली, "आता आईला 'बरी आहे' म्हणलं की मला तो कागुद ऐकू येतोय. खोटं तर मी रोजच बोलत होते. पण ते खोटं तरी माझं होतं की."

*

मी सरांकडे गेले. मी ओरडेन असं मला वाटलं होतं. मी फक्त म्हणाले, "सर, ते वाक्य अर्धं आहे."

"अगं, जागा केवढी असते ब्रोशरवर."

"जागेसाठी नाही कापलं."

सर चष्मा काढून हसले. ते दुष्ट नव्हते, हे मला आजही लिहावं लागतं, आणि याचाच मला जास्त राग येतो. "बरं, नाही. मार्केटिंगवाल्यांनी ड्रॉइंग क्रॉप केलं. पण तूच सांग, 'खोलीत रडते' असं लिहिलं तर कोण आपल्या मुलीला तिथं ठेवेल?"

"कुणी ठेवू नये असंच ते वाक्य आहे. ती रडते कारण खोली तिची नाही. आणि जिन्यावर येते कारण तिथं कुणी भाडं मागत नाही. तुम्ही त्याचंच भाडं लावलंत."

"हे बघ, तुझ्या अभ्यासामुळं लँडिंग झाली. नाहीतर तिथं लिफ्टचा डक्ट होता. एवढं तरी मिळालं ना? पुढच्या प्रोजेक्टला पूर्ण वाक्य लावू. तू डिपार्टमेंट सांभाळ, मग तूच ठरव काय छापायचं." ते पुढं झुकले. "तुझ्या या दोन डिग्र्यांना खुर्ची देणारं दुसरं ऑफिस या शहरात आहे का? प्रामाणिकपणे सांग."

नव्हतं. मी प्रामाणिकपणे सांगितलंही, "नाही." आणि मग मी म्हणाले, कागद मागे घ्या, नाहीतर वाक्य पूर्ण करा, नाहीतर मी येणार नाही. छापून झालंय, ते म्हणाले. मी निघाले. जिना उतरताना आत कुठंतरी एक मूर्ख आनंद होता, की मी आप्पांची मुलगी आहे.

तो आनंद मी लगेच कामाला लावला. ठरवलं, मीही पत्रक काढायचं. बिल्डरचाच कागद वरच्या बाजूला, खाली अख्खं वाक्य, खोलीसकट. कोरमंगलातल्या प्रत्येक पीजीच्या फाटकावर खळ लावून चिकटवायचं. मजकूर मला एका बैठकीत सुचला. इतका चांगला मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता. आप्पांना फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं, शाबासकी येणार.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "त्या पोरीला वाचून दाखवलंस काय?"

सविता खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला वाचून दाखवला. माझा आवाज सभेतल्यासारखा झाला होता, हे मलाच ऐकू येत होतं. ती घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे परत माझंच वाक्य?"

"या वेळी पूर्ण, सविता. या वेळी तुझ्या बाजूनं."

"पहिल्यांदा बिल्डरच्या कामाला. आता तुझ्या कामाला." तिनं घडी कप्प्यात ठेवली, यल्लम्माच्या खाली. "मी काय एवढंच बोलले होते काय गे, या घरात? एवढ्या दिवसांत? माझं एवढंच ऐकलंस?"

मी पत्रक फाडलं. ती म्हणाली म्हणून नाही, तिनं फाड म्हटलंच नव्हतं. उन्हाळ्यात ती दुसरीकडे राहायला गेली. जाताना नीट बोलून गेली, डब्यात शेंगदाण्याची चटणी ठेवून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

*

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे. मी पीएचडीच्या मुलाखतीला गेले. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या क्षेत्रकार्याची सामग्री कुठं आहे?" मी सांगितलं, ती आहे, पण मी दाखवणार नाही, ज्यांची आहे त्यांना पुन्हा विचारल्याशिवाय. बाईंनी शेजारच्यांकडे बघितलं. "मग आम्ही कशावर निर्णय घ्यायचा?" प्रश्न बरोबर होता. मी आल्या पावली परत आले. आर्किटेक्टच्या ऑफिसांत गेले तर तिथं विचारायचे, पोर्टफोलिओ कुठाय? माझ्याकडचा सगळ्यात चांगला कागद आता एका ब्रोशरचा मूळ कागद म्हणून ओळखला जात होता. एका ऑफिसात तर एकानं कौतुकानं तोच ब्रोशर माझ्यापुढं धरला. "असं काहीतरी करता येईल का तुम्हाला?"

आता मी देवनहळ्ळीकडच्या एका लेआउटचे प्लॉट काढते. विमानतळाच्या अलीकडे शेतं होती तिथं. स्क्रीनवर चौकोन, त्याशेजारी चौकोन, मधे रस्ता. कुणाचं वाक्य नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. शेजारी बसणारा ड्राफ्ट्समन विचारतो, "मेडम, एवढं शिकून हे का करता?" मी म्हणते, "अण्णा, स्वल्प कमी शिकायला पाहिजे होतं." तो हसतो. मी पण हसते. मग दिवस संपेपर्यंत चौकोन काढते.

मला कुणी सांगावं की हे काम कसं करायचं असतं. दार कुठं उघडतं आणि माणूस कुठं रडतो, हे दोन्ही एकाच कागदावर मांडायला मी शिकले. पण तो कागद केला की तो कुणाच्या तरी हातात जातो. बिल्डरच्या हातात गेला तर लपायची जागा विकली जाते. माझ्यासारखीच्या हातात राहिला तर तिचं पत्रक होतं. परीक्षकांच्या हातात गेला तर त्याची पदवी होते. माणसं जिथं कुणाला दिसू नयेत म्हणून जाऊन बसतात, ती जागा शोधणं हीच माझी सगळी हुशारी. या हुशारीचं काय करू? तिला खायला घालून मी वाढवली, दोन-दोन विद्यापीठांत पाठवली. आता ती घरात बसून आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

*

परवा भाजीवालीकडून रिकाम्या हातानं निघाले ती चालत राहिले. ऑफिसं सुटली होती. स्कूटर, रिक्षा, कॅब, सगळी कोरमंगला एकदम रस्त्यावर. पाय कुठं चाललेत ते मला कळत होतं आणि मी त्यांना थांबवलं नाही. ती इमारत मी कधी बघितली नव्हती. इतके दिवस त्या रस्त्यानं जायचंच टाळलं होतं.

काचेची आहे. बाहेरून जिना दिसतो, अगदी माझ्या कागदावर होता तसा वळलेला. वळणावर उशा आहेत, पिवळे दिवे आहेत, कोपऱ्यात कॅमेरा आहे. तिथं कुणीही नव्हतं.

मुली बाहेर होत्या. इमारतीच्या कंपाउंडला लागून गटारावरचा बुटका कठडा आहे, वर एक करंजाचं झाड, पलीकडे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. त्या कठड्यावर, उभ्या केलेल्या स्कूटरींवर, झाडाला टेकून, मुली फोनवर बोलत होत्या. तेलुगूत, कानडीत, हिंदीत, एक बहुतेक नागपुरी मराठीत. प्रत्येकीनं दुसरीकडे पाठ केलेली. ट्रान्सफॉर्मरच्या आवाजात एकीचं दुसरीला ऐकू जात नव्हतं. रखवालदार फाटकातून आला.

"मेडम, इल्लि निल्बेडि. इथं उभं राहू नका. आत एवढी जागा केलीय तुमच्यासाठी."

"अण्णा, ऐदु निमिषा," एकजण फोनवर हात ठेवून म्हणाली. पाच मिनिटं.

"रोज पाच मिनिटं म्हणता. मालक मला बोलतात."

"मालकाला सांगा, आत नेटवर्क नाही."

"आत वायफाय आहे, मेडम!"

"तेच तर, अण्णा. वायफायही मालकाचंच," ती म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या. रखवालदारही हसू दाबत परत गेला.

माझी टेप पिशवीत असते, सवयीनं. माझा हात आत गेला होता. डोळे तर आधीच सुरू झाले होते: कठड्याची उंची, झाडाची सावली, कोण कुणाकडे पाठ करून, गुणगुण कुठपर्यंत पुरते, रखवालदाराची नजर कुठं पोचत नाही. सगळा कागद मला डोळ्यांपुढं दिसला. सुंदर होता. पहिल्यापेक्षा सुंदर. तो नेला असता तर मला कुठल्याही दारातून आत घेतलं असतं, आणि पुढच्या हिवाळ्यात इथं गटारावर झाकण, झाडाखाली बाक, बाकावर कॅमेरा.

कठड्यावरच्या मुलीला वाटलं, मीही फोनची वाट बघतेय. तिनं माझ्याकडे न बघताच मांडीवरची बॅग उचलून पलीकडे ठेवली आणि सरकली. "कूतकोळ्ळि, अक्का." बसा.

मी बसले. कठडा गार होता. जागा किती होती, ते मी मोजलं नाही.